मदत हवी आहे: जिनिंगला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरेना, टीम्स, स्लॅक, टेलिग्राम की ईमेल?

सरकी_रुई
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. ऑफिसात पाच जण, आत काटेवाला, ग्रेडर, फिटर, प्रेसवाले मिळून तीसेक आणि खेड्यांवर कापूस घेणारे बारा एजंट. त्यातले चौघे सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथे नेट येतं-जातं. दोघांकडे बटणाचे फोन.

सध्या सगळं एकाच ग्रुपवर: भाव, काटापावतीचे फोटो, गाठींचा हिशोब, बेल्ट तुटल्याची खबर, वर सकाळचे सुविचार. भाव दुपारी बदलला की संध्याकाळी वाद ठरलेला, एजंट म्हणतो मी जुना भाव पाहून माल घेतला. पावतीच्या फोटोतले आकडे लागत नाहीत. सूतगिरणीशी ठरलेल्या अटी शोधायच्या म्हणजे अर्धा तास बोटाने वर सरकवत बसा. पैसे भरून टीम्स किंवा स्लॅक असं ऑफिसचं चॅट अ‍ॅप घ्यावं का? कोणतं कशाला चालतं ते नेमकं सांगा. जाहिरात नको.

तापीकाठ
भो, अ‍ॅप बदलून भावाचा वाद मिटणार नाही. भावाचा ग्रुप आधी वेगळा काढा. ग्रुपच्या माहितीत जाऊन परवानग्यांमध्ये 'मेसेज पाठवणे' फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. मग त्यात भावाशिवाय काही येणारच नाही.

दुसरं, भावाचा मेसेज कधीही एडिट करू नका. व्हॉट्सअ‍ॅप १५ मिनिटांपर्यंत एडिट करू देतं. 'एडिटेड' असं दिसतं, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. तिथेच भांडणाला जागा होते. प्रत्येक वेळी नवा मेसेज, त्यात क्रमांक, वेळ, ओलावा: 'भाव २, दु. १ पासून, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत इतका, पुढे प्रत्येक टक्क्याला इतकी कपात, भाव १ रद्द.' शेवटचे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे.

कुणी 'पाहिलंच नाही' म्हणाला तर आपला मेसेज दाबून धरा आणि 'माहिती' उघडा. कोणी किती वाजता वाचला ते दिसतं. एजंटाने निळी टिक बंद केली असली तरी ग्रुपमध्ये वाचल्याची नोंद लपत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी मात्र लागू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही, आणि तुम्हाला कळतही नाही.

सरकी_रुई
बेस शे! हे आजच करतो. पावत्यांचं काय?

तापीकाठ
फोटो म्हणून टाकला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, म्हणून ३ आणि ८ सारखेच दिसतात. पिनेच्या खुणेवरून 'डॉक्युमेंट' निवडून तोच फोटो पाठवा, जसाच्या तसा जातो. नेट कमी असेल तर एचडी पर्याय घ्या. फाइलचं नाव गाडी नंबर आणि पावती क्रमांक असं ठेवलं तर सर्चमध्ये सापडते. फोटो त्याच दिवशी काढा. थर्मल कागदाची छपाई उष्णतेने उडते, आणि आपल्याकडे मार्चनंतर गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली पावती कोरी व्हायला वेळ लागत नाही.

पाटी_पेन्सिल
स्लॅकबद्दल. मोफत योजनेत फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात, आणि वर्षापेक्षा जुने तर काढूनच टाकले जातात. तुमचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे मार्चमध्ये हिशोबाला बसाल तेव्हा नोव्हेंबरची खरेदी दिसणार नाही. नेमकी तीच लागते. पैसे भरले तर दिसेल, पण दरमहा माणशी पैसे, आणि एजंट ते उघडणार नाहीत.

टीम्स ऑफिसातल्या पाच जणांपुरतं ठीक आहे, तेही एक्सेलवर एकत्र काम करायचं असेल तर. मोफत टीम्सवर ग्रुप मीटिंग ६० मिनिटांची, गूगल मीटवर तिघांपासून पुढे तेवढीच, झूमवर ४०. तुम्हाला मीटिंगची गरज फारशी दिसत नाही, त्यामुळे यावर खर्च करू नका. पाचही जणांचं जीमेल आहेच तर गूगल चॅटमध्ये 'स्पेस' करा. एका विषयाखाली उत्तरं एकत्र राहतात आणि जादा पैसे नाहीत.

टेलिग्रामचा एक फायदा खरा आहे: हंगामाच्या मध्यात आलेल्या नव्या एजंटाला जुने मेसेज वाचता येतात, तशी सोय अ‍ॅडमिन चालू ठेवतो. पण एडिटला तिथे ४८ तास मिळतात, म्हणजे भावासाठी व्हॉट्सअ‍ॅपपेक्षाही वाईट. आणि साधं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (मधल्या कुणालाच वाचता न येणारं) नसतं, फक्त 'सीक्रेट चॅट' असतं.

मुनीम_धुळे
दादा, गिरणीचा सौदा व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवूच नका. फोनवर बोला, पण त्याच दिवशी ईमेल टाका आणि समोरच्याकडून 'मान्य' असं उत्तर घ्या. बोलताना '१०० गाठी' म्हणतो. गाठ १७० किलोची धरली तर १७,००० किलो, आणि भाव असतो ३५६ किलोच्या खंडीवर, म्हणजे ४७.७५ खंडी. प्रत्यक्षात प्रत्येक गाठ १७० ची भरत नाही, म्हणून 'बिल प्रत्यक्ष वजनावर' हे लिहाच. धाग्याची लांबी, माइक (मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याची जाडी-बारीकी), कचरा, ओलावा, वजन कुठल्या काट्यावरचं आणि पैसे किती दिवसांत, एवढं एका मेलमध्ये. विषयाच्या ओळीत सौदा क्रमांक. त्या सौद्याचा पुढचा सगळा व्यवहार त्याच मेलला 'रिप्लाय' करून, नवा मेल काढायचा नाही.

कायद्याचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार त्या एका कारणाने रद्द ठरत नाही. पण कोर्टात नुसता स्क्रीनशॉट नेऊन भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे मूळ मेसेज फोनमधून उडवू नका, आणि ग्रुपवर 'आपोआप नाहीसे होणारे मेसेज' कुणी चालू केले नाहीत ना ते बघा. ती परवानगीही अ‍ॅडमिनकडेच ठेवा.

टॉवर_नाही
पायथ्याच्या गावांसाठी आणि बटणाच्या फोनसाठी साधा एसएमएस. डेटा नसला तरी जातो. मराठी एसएमएस मात्र ७० अक्षरांचा, इंग्रजी १६० चा. आणि इथे 'अक्षर' म्हणजे काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजतात. 'आज दुपारी 1 पासून भाव 7100' हे स्पेस धरून २६ होतं. ७० ओलांडले की दोन एसएमएस लागतात, आणि मग प्रत्येकात ६७ च बसतात. कमकुवत रेंजमध्ये दुसरा तुकडा उशिरा आला की मेसेज अर्धवट राहतो. म्हणून भाव ७० च्या आत बसवा.

बारा जणांना आपल्या सिमवरून पाठवायला काही नोंदणी लागत नाही. कंपनीच्या नावाने बल्क एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांची व्यावसायिक एसएमएस नोंदणी) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. बारा एजंटांसाठी तो खटाटोप कशाला?

सरकी_रुई
आणि जिन हाऊसमध्ये? तिथे कॉल ऐकू येत नाही, व्हॉइस मेसेज तर नाहीच नाही.

फिटर_आप्पा
तिथे वॉकीटॉकी, हेडसेटसकट. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी ताकदीचे संच विनापरवाना चालतात, पण संचाला ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, सरकारची वायरलेस उपकरणाला मान्यता) आहे का ते घेण्याआधी बघा. ऑनलाइन मिळणारे बरेच संच दुसऱ्याच पट्ट्यावर बोलतात, त्यांना परवाना लागतो.

आगीसाठी मात्र ना अ‍ॅप, ना वॉकीटॉकी. हूटर, म्हणजे भोंगा. आणि तो बॅटरीवर. कपाशीला आग दिसली की पहिला हात मेन स्विचवर जातो. हूटर त्याच लाइनीवर असला तर त्याच क्षणी गप्प होतो. सलग वाजला तर आग, तुटक वाजला तर मशीन बंद, एवढ्या दोनच खुणा ठेवा, तिसरी कुणाच्या लक्षात राहत नाही. फोन करायचं काम एकाच माणसाकडे, नाव लिहून काट्यावर चिकटवलेलं: १०१ किंवा ११२. आणि 'आग विझली' असा मेसेज आला म्हणून त्या वेळची गाठ गोदामात लावू देऊ नका. आत ठिणगी असली तर गाठ दिवसेंदिवस आतून धुमसते. उघड्यावर, बाकी मालापासून लांब ठेवा आणि गाठ क्रमांक ग्रुपवर टाका, म्हणजे कुणी ती उचलून गाडीत भरणार नाही.

सरकी_रुई
आप्पा, हूटर मेनवरच आहे. उद्या इलेक्ट्रिशियन बोलावतो. एक शेवटचं: एजंट ग्रुप सोडून मला खाजगीत भाव विचारतात.

तापीकाठ
खाजगीत उत्तर देऊ नका, 'ग्रुपवर भाव २ बघा' एवढंच. एकाला सांगितलं की बाराही जण तिथेच येतील. उद्या किती गाड्या येणार हे विचारायला कामाच्या ग्रुपवर पोल टाका, १२ पर्यंत पर्याय देता येतात, बारा फोन वाचतात.

मुनीम_धुळे
अ‍ॅडमिन दोघे ठेवा आणि भावाचा नंबर फर्मच्या सिमवर घ्या, एखाद्या नोकराच्या नाही. पण ते सिम एप्रिलमध्ये ड्रॉवरमध्ये टाकून दसऱ्याला काढू नका. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही की जोडलेला कॉम्प्युटर बाहेर पडतो, आणि १२० दिवस वापर नसला तर व्हॉट्सअ‍ॅप खातंच काढून टाकतं. प्रीपेड सिमही ९० दिवस न वापरता, बिनाबॅलन्स पडून राहिलं तर बंद होऊ शकतं. हंगाम संपला तरी तो फोन ऑफिसात चार्जिंगला लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा व्हॉट्सअ‍ॅप उघडा.