दारणा-गोदेवर फ्लायसाठी ऋतूनुसार काय नोंदवायचं?

पाणकाठी: नाशिकजवळ दारणेवर आणि गंगापूर धरणाखालच्या गोदेवर ५ वजनाच्या (मध्यम ताकदीच्या) फ्लाय रॉडनं, म्हणजे किड्यासारखा सजवलेला गळ (फ्लाय) टाकून, मासेमारी करतो. परदेशी तक्त्यांतले 'या महिन्यात हा किडा' इथं जुळत नाहीत. स्वतःची वही ठेवायचीय, तर नेमकं काय टिपावं?

कडवाकाठ: महिन्याआधी पाणी लिहा. आपल्याकडे नदी पावसावर चालते आणि त्यानंतर धरणाच्या आवर्तनावर, म्हणजे पाळीनं सोडलेल्या पाण्यावर. पाणी चढतंय की उतरतंय, तापमान आणि गढूळपणा, एवढं रोज हवंच. गढूळपणा मोजायला पांढरं झाकण वजन लावून दोरीनं सोडा, दिसेनासं झालं की दोरी मोजा. पाणी चढलं की काठचं गवत बुडतं आणि मासे तिथं चरायला येतात. उलट आवर्तन अचानक बंद झालं, तर कडेच्या उघड्या पडलेल्या दगडांवरच्या अळ्या वाळून मरतात, मग तिथल्या किड्यांचा अंदाज चुकतो. विसर्ग वाढल्याची सूचना आली की पात्रात उतरायचंच नाही.

दगडाखाली: खळखळत्या उथळ पाण्यात दगड उलटून बघा. चपटी, शेपटीला दोन-तीन केसासारखे धागे असलेली अळी म्हणजे मेफ्लाय, पाण्यात वाढणारा एक किडा. वाळूच्या कणांची नळी करून आत बसलेली दिसली तर कॅडिस, तसाच दुसरा किडा. नुसत्या लाल, वळवळणाऱ्या अळ्याच मिळाल्या, तर तिथं प्राणवायू कमी आहे, बहुधा सांडपाणी येतंय. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. तिथं १४ नंबरच्या गळावर सुंदर ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) बांधून उपयोग नाही. दगड मात्र होता तसाच, त्याच बाजूनं परत ठेवा.

कडवाकाठ: त्यात भर. पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी पंखवाली वाळवी उडते. हे दोन-चार दिवसच चालतं, पण मासे वेड्यासारखे वर येतात. १२ नंबरचा गळ, तपकिरी फोमचं अंग, पंख अंगापेक्षा लांब आणि पाठीवर आडवे. उभे बांधले तर फ्लाय कलंडते. पुढे ओढ्यांतून चढणीचे मासे वर जायला लागले की त्यांना हात लावू नका, ती त्यांची वीण असते. उन्हाळ्यात उंबराखालची कोंड (खोल डोह) बघा, फळ पडल्याचा आवाज झाला की मासा येतो. भिंगऱ्या (किडे टिपणारे छोटे पक्षी) पाण्याला चिकटून उडू लागल्या, तर किडे बाहेर पडतायत.

पाणकाठी: पहाटे पाणवेलीजवळ भरपूर मासे वर येतात, पण एकही फ्लाय घेत नाही. असं का?

दगडाखाली: ते खात नाहीत, श्वास घेतायत. रात्रभर वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. नुसतं तोंड उघडून पृष्ठभागाशी थांबलेला मासा दिसला तर गळ टाकू नका, धरून सोडलेला मासाही दगावू शकतो. ऊन चढल्यावर या, किंवा वाहत्या पाण्याकडे सरका. आणि नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात फक्त दुर्बीण न्या, इतर जलाशयांवर मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेची परवानगी घ्या.