लेआउटची मोकळी जागा, झाडं आणि आपली समिती: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

नागपुरात घर कुठे विचारलं की आपण लेआउटचं, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीचं, नाव सांगतो, आणि जवळजवळ प्रत्येक लेआउटला एक नागरिक समिती असते. कुठे रीतसर नोंदणी झालेली, कुठे फक्त गणपतीत जागी होणारी. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. गडर (गटार) तुंबली, फांदी तारांवर पडली, बागेतला दिवा गेला, की लोक समितीच्या अध्यक्षांच्या दारात. आता 38 प्रभागांत 151 नगरसेवक आले आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार, म्हणजे कोणाला धरायचं हा प्रश्न आहेच.

माझं मत सांगतो. आपली अर्धी कामं पैशापायी अडत नाहीत, जागा कोणाची हेच कोणी सांगत नाही म्हणून अडतात. पटत नसेल तर खोडून काढा. पक्ष आणि नेते बाजूला ठेवून लिहा: काय झालं, कसं झालं, काय झालंच नाही.

प्लॉटधारक, मानेवाडा

शंभर टक्के पटलं. आमचा लेआउट 1900 च्या यादीतला. बाहेरगावच्यांसाठी: मंजुरी न घेता पाडलेले लेआउट नागपुरात 572 आणि 1900 अशा दोन आकड्यांनी ओळखले जातात. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करायची सोय झाली. डिमांड (मागणीपत्राची रक्कम) भरायची, आरएल (नियमित केल्याचं पत्र) घ्यायची. पण नकाशात बाग, मैदान, शाळा म्हणून जी जागा दाखवलेली असते, जिला सगळे पीयू (पब्लिक युटिलिटी) म्हणतात, तिचा वाली कोण? प्लॉट विकून झाले की पीयूचे तुकडे विकायचे, हा जुना धंदा आहे.

आमच्या पीयूवर एका कोपऱ्यात भंगारचा ढीग, दुसऱ्यात टिनाचं शेड आणि म्हशी. वर्गणी काढून तारेचं कुंपण घालू, असं बैठकीत ठरत आलं होतं. आमच्यातले एक निवृत्त पटवारी (तलाठी) काका उठून म्हणाले, "एक रुपया खर्च करू नका. आधी कागद." मग मौजा, पटवारी हलका, खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर काढून त्यांनी कामाला लावलं. लेआउट पाडणाऱ्या सोसायटीचा मूळ नकाशा एका जुन्या सभासदाच्या ट्रंकेत मिळाला. नियमित झालेला नकाशा माहितीच्या अधिकारात मागवला. एक कार्यालय म्हणे जागा आम्ही हस्तांतरित केली, दुसरं म्हणे आम्ही ताब्यात घेतलीच नाही. हे पत्रोपत्री बरंच चाललं. शेवटी भूमी अभिलेखची फी भरून मोजणी लावली.

मोजणीच्या दिवशी अख्खा लेआउट गोळा. हद्दीची एक खूण बरोब्बर म्हशीच्या गव्हाणीत पडली! कुटार बाजूला सारून तिथे लोखंडी खुंटी ठोकली. म्हशीवाल्याने संध्याकाळी आपणच गव्हाण उचलली, चांगला माणूस. भंगारवाल्याने मात्र नोटीस निघेपर्यंत दाद दिली नाही. मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा अधिकृत नकाशा, हातात आल्यावर कुंपणाचं काम सरकारी खर्चाने झालं, आमची वर्गणी वाचली.

आता आत काय करायचं यावर भांडण सुरू आहे. मंदिर, समाजभवन, बाग. ते वेगळं प्रकरण.

पोट्टा, नंदनवन

काका लोकहो, बाग बाग करून राहिले, पण क्रिकेटचं काय? आमचं ग्राउंड "विकसित" झालं. गोल ट्रॅक, त्यावर पेव्हर ब्लॉक, मधात लॉन, लॉनवर पाटी: आत जाऊ नये. ग्रीन जिमच्या मशीनवर आजोबा बसून पेपर वाचतात. आम्ही आता रस्त्यावर खेळतो आणि काच फुटली की समितीच आमच्या घरी येते. बैठकीला आम्हाला काऊन बोलवत नाही? लेआउटमध्ये सोळा ते पंचवीसचे कमी आहेत का?

धागाकर्ता

@पोट्टा, मुद्दा रास्त आहे. आमच्याकडेही बैठक सकाळी अकराची ठेवतात, म्हणजे येणार फक्त पेन्शनर.

गृहिणी, त्रिमूर्तीनगर

आमची बाग महापालिकेची आहे हे सुदैवाने सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो घोळ नव्हता. भांडण होतं पालापाचोळ्याचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये करंज, कडुनिंब, पिंपळ सगळेच पानं टाकतात. सफाईवाला झाडून ढीग करायचा आणि काडी लावायचा. कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, ते त्याला सांगून उपयोग नव्हता. ढीग न्यायला गाडीच येत नव्हती, तो बिचारा करणार काय?

आम्ही भिशीच्या मैत्रिणींनी भिंतीजवळ विटांचे दोन हौद बांधून घेतले, खाली जाळी ठेवून. पानांचा थर, त्यावर शेणाचं पाणी, मूठभर माती, पुन्हा पानं. पावसाळ्यात हे सोपं, पण इथे एप्रिलमध्ये वरचा थर पापडासारखा वाळतो आणि कुजणं थांबतं. माळ्याने युक्ती सांगितली: बारदाना ओला करून अंथरायचा आणि सकाळी पाणी मारायचं. हात घातला की आत कोमट लागलं पाहिजे. थंड लागलं तर उलथापालथ करायची. करंजाची पानं लवकर कुजतात, पिंपळाच्या पानांच्या शिरा शेवटपर्यंत जाळीसारख्या राहतात, म्हणून ती पायाखाली चुरून टाकायची.

खत बागेतच घालतो. विकायची टूम निघाली होती, आम्ही नको म्हटलं. पैसा आला की हिशेब येतो आणि हिशेब आला की भिशी मोडते.

ओव्हरसियरचा जावई, हनुमाननगर

सिमेंट रोडबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? जुनं डांबर न उकरता वर सिमेंट ओतलं की रस्ता वर आणि घर खाली. मग पहिल्याच पावसात पाणी सरळ पोर्चमध्ये. आमच्या गल्लीत काम सुरू व्हायच्या आत सासऱ्यांनी गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप काढली, एक टोक प्रत्येकाच्या जोत्याला, एक टोक चौकातल्या चेंबरला, आणि प्रत्येक फाटकावर खडूने रेघ मारली. चेंबरचं तोंड चार घरांच्या जोत्यापेक्षा वर होतं! तो तक्ता, फोटो आणि सगळ्यांच्या सह्या ठेकेदाराच्या माणसासमोर ठेवल्या. उकरूनच रस्ता केला. शेजारच्या गल्लीने म्हटलं, पाहून घेऊ. ते आता दाराला वाळूची पोती लावून पाहून राहिले.

आणि झाडं. बुंध्याला टेकून सिमेंट ओततात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आम्ही तोच आदेश छापून ठेकेदाराला दाखवला. त्याने वाचला की नाही देव जाणे, पण आळं सोडलं.

अजनीकर

झाडांचंच सांगतो. अजनीत इंटर-मोडल स्टेशनसाठी (रेल्वे, बस, मेट्रो एकाच जागी) रेल्वे वसाहतीतली झाडं तोडायचं निघालं, तेव्हा 2020-21 मध्ये अजनी वन वाचवा म्हणत शहरभरातून लोक आले. त्या गर्दीतून मी जे शिकलो ते आमच्या छोट्या गल्लीत कामी आलं: घोषणा कमी आणि हरकती जास्त. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे. परवानगीशिवाय तोडता येत नाही, नोटीस लावावी लागते, हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं, आणि एक झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असं आणलं.

म्हणजे सगळा खेळ वयाचा. आमच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाचं वय नोटिशीत फारच कमी दाखवलं होतं. आम्ही छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजला, फोटो काढले आणि एका आजींच्या लग्नाचा फोटो जोडला. मागे तेच झाड, मांडवाची दोरी त्याला बांधलेली. झाड उभं आहे. एक फांदी गेली, ती तारांना लागतच होती.

अंबाझरीच्या खालच्या अंगाला राहणारी

तुमचं वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडे बाग वगैरे दुसऱ्या नंबरवर गेलं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घरात आली. फ्रीज तरंगताना मी पाहिला आहे. आमची समिती तोवर नवरात्राच्या वर्गणीपुरती होती. त्या पहाटे तिने एक काम केलं, तळमजल्यावर एकटे राहणारे म्हातारे कोण, याची यादी ग्रुपवर टाकली. कोणाच्या गच्चीवर कोण आहे ते कळत गेलं.

पुढे रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, सांडव्यापासचं बांधकाम, नदीचं पात्र, सगळं तिथे निघालं. आणि धागाकर्त्याचा प्रश्न तिथेही तोच: तलाव कोणाचा, भिंत कोणाची, पूल कोणाचा. आता पावसाळ्याआधी समिती नदीकाठाने चालत जाते, कुठे मलबा टाकलाय त्याचे तारखेसकट फोटो काढते. लॉनवर पाय ठेवू नका म्हणणाऱ्यांना सांगा, मोकळी माती पाणी पिते. आमच्याकडे प्यायला मातीच उरली नव्हती.

महालकर

आमच्याकडे ना लेआउट, ना पीयू, ना लॉन. दोन घरांच्या मधात स्कूटर जाईल इतकी गल्ली. आमची समिती म्हणजे बडग्या मंडळ, बडग्या म्हणजे टीका करणारा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) निघते, त्यात आम्ही आमच्या तुंबलेल्या गडरचा बडग्या काढला. घेऊन जा गे मारबत! गडर त्याच आठवड्यात साफ झाली. अर्ज करणाऱ्यांनी विचार करावा.

निवृत्त कारकून, गोपालनगर

वरचे अर्ज आणि नकाशे वाचले. आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलो, म्हणून थोडं सांगतो. लोक एका पत्रात गडर, कुत्री, दिवे, बाग सगळं लिहितात. असं पत्र कोणत्याच खात्याचं होत नाही, ते फिरत राहतं. एक विषय, एक पत्र. खसरा नंबर आणि जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर घाला, म्हणजे जागेवर जाणाऱ्याला "सापडलं नाही" म्हणता येत नाही. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि पत्र समितीच्या नावाने द्या, पण खाली घर क्रमांकासकट सह्या घ्या. नुसत्या लेटरहेडला कोणी भीत नाही.

@पोट्टा, पेव्हर ब्लॉकचं काम ज्या ठरावाने झालं त्याची प्रत माग. मैदान म्हणून आरक्षित जागेवर बाग केली असेल तर तुझ्या हातात चांगली केस आहे. मसुदा मी लिहून देतो, टाईप तू कर.