मदत हवी आहे: माशांची गुणसूत्रं, ढोक ५२, पंक्टाटा ३२, पण "हात" काही जुळत नाहीत

नमस्कार मंडळी, इथे कुणी सायटोजेनेटिक्सवालं, म्हणजे गुणसूत्रांचा अभ्यास करणारं, आहे का? नसेल तर गणितवालंही चालेल, कारण अडलंय ते बेरजेतच.

एमएस्सी झूलॉजीचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला मरळीची भावंडं घेतलीत. बाजारातली नेहमीची मरळ म्हणजे चन्ना स्ट्रायटा, तिची गुणसूत्रं ४०. फुलमरळ म्हणजे चन्ना मारुलियस, ४४. ओढ्यात दगडाखाली दडणारा छोटा ढोक म्हणजे चन्ना गचुआ, ५२. आणि अंगावर काळे ठिपके असलेला चन्ना पंक्टाटा, त्याची फक्त ३२! सगळे एकाच जीनसमधले, चेहरेपट्टी तीच, हवेतून श्वास घेऊन घमेल्यात तासन्‌तास जिवंत राहणारे, आणि आकडे बघा. याउलट रोहू, कटला, मृगळ तिघांचे मुकाट ५०. कॉमन कार्प आणि महसीरचे १००, पण तिथे अख्खा संचच डबल झालाय हे तरी कळतं, इथे तसं काहीच दिसत नाही.

मी त्यातले दोनच घेतले, ढोक आणि पंक्टाटा. पद्धत नेहमीचीच, कॉल्चिसिनचं इंजेक्शन (पेशींचं विभाजन मध्येच थांबवायला), मग हेड किडनी, म्हणजे मूत्रपिंडाचा पुढचा भाग, काढून पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवायच्या, तीनास एक मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडमध्ये पक्क्या करायच्या, शेवटी गिम्सा रंग. पहिला महिना वाया गेला. थेंब स्लाइडवर कमी उंचीवरून सोडला की गुणसूत्रं लोकरीच्या गुंत्यासारखी एकावर एक, जास्त उंचीवरून सोडला की पेशी फुटून दोनचार कुठेतरी पसार. त्यात एक ढोक रात्री बादलीतून उडी मारून सकाळी कपाटामागे सापडला, जिवंत होता म्हणा. असो.

आता मुद्दा. पंक्टाटाच्या ६० पेशी मोजल्या, ४१ मध्ये ३२ आले, बाकीच्यांत ३०-३१. ढोकाचे ५२ पक्के. सर म्हणाले सोपं आहे, रॉबर्टसोनियन फ्यूजन लिही, म्हणजे एकाच हाताची (हात म्हणजे गुणसूत्राच्या चिमटीपासून, सेंट्रोमियरपासून, निघणारी बाजू) दोन गुणसूत्रं त्या चिमटीपाशी चिकटून दोन हातांचं एक होतं, आकडा कमी होतो पण हातांची बेरीज तीच राहते. लिहायला बसले तर बेरीज येईचना. ढोकात ४ दोन हातांची आणि ४८ एका हाताची, म्हणजे हात ५६. ५२ वरून ३२ वर यायला २० जोडण्या लागतात, त्यात ४० एकहाती संपतात, २० दुहाती तयार होतात, जुनी ४ धरून दुहाती २४ आणि एकहाती ८ उरायला हवीत. मला पंक्टाटात दिसतात दुहाती ३०, एकहाती २, हात ६२. सहा हात आले कुठून?? तीनदा मोजलं, तरी तेच.

माझं मोजायचं चुकतंय, का फ्यूजनची गोष्टच चुकीची आहे? सबमिशन तोंडावर आलंय आणि सरांना परत विचारायची हिंमत नाही.

— ओढ्याकाठची

प्रतिसाद, जुनी_स्लाइड:
ताई, ३०-३१ ची काळजी सोडा, त्या पेशींतली गुणसूत्रं सांडलेली असतात, बहुसंख्य पेशी काय सांगतात ते धरायचं. हातांबद्दल एक विचारतो, दुहाती कशाला म्हणताय? नजरेने ठरवलं असेल तर तिथेच घोळ आहे. लेव्हान आणि मंडळींनी १९६४ साली लावलेलं माप अजून चालतं, लांब हात भागिले आखूड हात, १.७ पर्यंत मेटासेंट्रिक (दोन्ही हात जवळपास सारखे), ३ पर्यंत सबमेटा, ३ ते ७ सबटेलो (दुसरा हात अगदी आखूड), त्यापुढे टेलो (जवळजवळ एकच हात). ही सबटेलोवाली कुणी एकहाती धरतं, कुणी दुहाती, दोन पेपरांत हातांची बेरीज वेगळी येते ती बऱ्याचदा त्यामुळेच. काहीही धरा, पण दोन्ही माशांना एकच नियम लावा. आणि कॉल्चिसिन जास्त वेळ ठेवलं असेल तर गुणसूत्रं आखडून ठोकळे होतात, मग हातबित काही कळत नाहीत.

मोजून झाल्यावरही हात शिल्लक राहिले तर घाबरू नका, पेरिसेंट्रिक इन्व्हर्जन असतं. सेंट्रोमियरसकटचा तुकडा उलटा बसला की एकहातीचं दुहाती होतं, आकडा हलतच नाही.

प्रतिसाद, कोईवाला:
वरच्यांशी सहमत, पण मूळ चूक वेगळीच आहे. ढोकापासून पंक्टाटा झाला असं धरून का चाललाय? दोघंही आजचे मासे आहेत, चुलतभाऊ म्हणा, बापलेक नाहीत. दिशा ठरवायची तर कुळाबाहेरचा मासा बघा. कोई, खलिशा या दुसऱ्या कुळांतल्या माशांचे आकडे ४६-४८ च्या आसपास येतात, आणि मरळीच्याच कुळातल्या, चीनमधल्या चन्ना आर्गसचे ४८. मग मूळ ४८ च्या जवळपास असून ढोक वर गेला आणि पंक्टाटा खाली आला, असंही असू शकतं, म्हणजे तुमच्या २० जोडण्या एका माशाच्या खात्यावर टाकताच येणार नाहीत. स्वच्छ उदाहरण हवं तर आर्गस ४८ आणि त्याचाच भाऊबंद चन्ना मॅक्युलाटा ४२, चीनमध्ये या दोघांचा संकर पाळतात, पिल्लांत ४५ असतात, एकाकडून २४, दुसऱ्याकडून २१.

अजून एक, गचुआ म्हणजे एक जात नाही, मोठा गोतावळा आहे. नेमकी जात डीएनएवरून ठरवायला, ज्या माशाची स्लाइड केली त्याचा पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवलाय ना? फॉर्मॅलिनमध्ये नको, डीएनए खराब होतो.

— ओढ्याकाठची:
दोघांचे खूप आभार. काल रात्री फोटो प्रिंट काढून पट्टीने मोजत बसले. लाज वाटते सांगायला पण ढोकातली सबटेलो मी एकहाती धरली होती आणि पंक्टाटातली चार दुहाती!! ती चार काढली तर दुहाती २६, हात ५८. दोन हात अजूनही जास्त, म्हणजे एका जोडीत इन्व्हर्जन झालं असावं एवढंच लिहिते, आणि "ढोकापासून" हा शब्द खोडलाय.

पर मात्र ठेवले नव्हते. मासे शिजवून खाल्ले वसतिगृहातल्या पोरींनी. आता त्याच ओढ्यावरून चार ढोक परत आणायचेत, या वेळी बादलीला झाकण आहे.