पहिल्या रॅप अल्बममध्ये जुनं सिंगल टाकायचंय, प्लेज (ऐकल्याचे आकडे) जातील का?

मंडळी मदत हवीये. कळव्याच्या मित्राचा पहिला मराठी हिपहॉप अल्बम येतोय, आठ ट्रॅक, त्यातले दोन आधीच सिंगल म्हणून, म्हणजे सुटे, आलेत आणि आता डिस्ट्रिब्युटर (गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणारी कंपनी) बदललाय. एकाचा ऑडिओ जसाच्या तसा आहे त्यामुळे आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) जुनाच देणार, अल्बमचा यूपीसी (अख्ख्या रिलीजचा क्रमांक) नवा, इथवर कळलं. दुसऱ्यात ऐरोलीच्या पोराचा नवीन व्हर्स घातलाय म्हणजे रेकॉर्डिंगच वेगळं, कोडही नवा, तो विषय संपला. सपोर्टला मेल टाकला तर तेच साचेबंद उत्तर. लेबल नाही, बजेट जेमतेम. पहिल्याचे प्लेज टिकवायचे तर जुन्या डिस्ट्रिब्युटरकडून ते सिंगल आधी काढायचं, की अल्बम लाइव्ह होऊन आकडे जुळलेले दिसल्यावर? कोणी स्वतः केलंय का?