मदत हवी आहे: धुतलेल्या ग्लासांना माशांचा वास राहतो

मंडळी, पुण्यात आमची छोटी मालवणी खानावळ आहे. दुपारी दीडला आणि रात्री नऊला एकदम झुंबड उडते. जेवणाबद्दल कुणाची तक्रार नाही, पण पाण्याच्या स्टीलच्या ग्लासांना वशट वास येतो. परवा एका गिऱ्हाइकाने ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि काही न बोलता बाटली मागवली. तोंडावर बोलला असता तर परवडलं असतं.

सध्या खरकटं काढून सगळी भांडी लिक्विडच्या टबात घासतो, पुढच्या टबात विसळतो आणि फडक्याने पुसून रॅकवर लावतो. पाणी बोअरचं, चांगलंच जड. मावशींवर खापर फोडायचं नाही, त्या जीव तोडून काम करतात. लिंबू, चिंच, खायचा सोडा, सगळं करून झालं. तेवढ्यापुरता फरक पडतो. घरचे म्हणतात, भांडी धुण्याचं मशीन घेऊन टाक. मोरीत जागा जेमतेम. घ्यावं का? आणि क्लोरीनच्या पाण्यात भांडी बुडवतात म्हणे, ते प्रमाण किती?

जुना_स्टुअर्ड: मशीनचं नंतर बघा. ग्लास आणि माशाची ताटं एकाच टबात जातात ना? मग वास तिथूनच येतोय. फेस बसला, वर तवंग दिसला की ते पाणी ओतून द्यायचं, त्यात आणखी लिक्विड घालत बसायचं नाही. आधी ग्लास, मग चमचे-वाट्या, मग ताटं, कढया सगळ्यात शेवटी. ग्लासांची घासणी वेगळी, तिला माशाचं ताट दाखवायचंसुद्धा नाही. आणि ते फडकं आजच बंद करा. गर्दीच्या वेळी ते वाळतच नाही, त्यामुळे एका ताटाचं दुसऱ्या ग्लासाला लागत राहतं. ग्लास जाळीवर पालथे घालून निथळू द्या, ओले असताना एकात एक घालू नका.

तळकोकणी: सोलकढी ह्याच ग्लासांतून देता का?

धागाकर्ती: हो! वाट्या कमी पडतात म्हणून.

तळकोकणी: मग निम्मं उत्तर तिथे आहे. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, आणि थंडीत तुमच्या टाकीतलं पाणी त्याहून गार असतं. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आतून ग्लासाला चिकटून बसतो, त्यात माशाचा वास मुरतो. धुतलेल्या ग्लासात बोट फिरवून बघा, निसरडं लागेल. घासायचं पाणी गरम हवं, हाताला जेमतेम सोसेल इतकं. सोलकढीला वेगळे ग्लास ठेवा.

जुना_स्टुअर्ड: बरोबर. आता क्लोरीन. वास-रंग न घातलेलं साधं सोडियम हायपोक्लोराइट (बाटलीत मिळणारं क्लोरीनचं द्रावण) ४ टक्क्यांचं असेल, तर १० लिटर गार पाण्यात २५ मिली. म्हणजे साधारण १०० पीपीएम, दहा लाख भाग पाण्यात शंभर भाग क्लोरीन. बाटली जुनी झाली की जोर उतरतो, म्हणून तपासायच्या कागदी पट्ट्या आणून ठेवा. घासून, विसळून झालेलीच भांडी त्यात एक-दोन मिनिटं बुडवायची. खरकटं किंवा साबण राहिला असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तुम्हाला तिसरा टब लागेल. स्टील रात्रभर बुडवून ठेवू नका, बारीक खड्डे पडतात. अ‍ॅल्युमिनियमची पातेली त्यात घालूच नका. एक गोष्ट मावशींना स्वतः सांगा: ह्या पाण्यात व्हिनेगर किंवा क्षार काढायचं अ‍ॅसिड कधीही मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो, आणि तुमच्या मोरीला खिडकी आहे की नाही कोण जाणे.

मशीनमध्ये शेवटचं विसळण ८२ अंशांच्या आसपास होतं, ते झकासच. पण बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवला नाही तर आत क्षारांची पुटं चढतात आणि दुरुस्तीवाला घरचा होतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांतली अनुसूची ४ वाचली नसेल तर वाचा, त्यातला भाग ५ आपल्यासारख्यांसाठीच आहे.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. बोट फिरवून पाहिलं, अगदी निसरडं! मशीन तूर्त रद्द, उद्या तिसरा टब आणि जाळी आणते. आता एकच अडचण: लिक्विडने मावशींच्या हातांना आधीच भेगा पडल्यात, त्यात गरम पाणी आणि क्लोरीन. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे हवेत, आतून ओले न होणारे. बोहरी आळीत मिळतील का?