ऊस वाहतुकीच्या ट्रकचा डिझेल फिल्टर किती दिवसांनी बदलावा?

प्रश्न – चालक-मालक, चिकोडी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बीएस-४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण निकषाच्या) इंजिनाचा दहा टायरी ट्रक आहे. गळीत हंगामात तो ऊस वाहतो आणि उरलेले महिने बेळगावच्या उद्यमबागेतून फाउंड्रीचे कास्टिंग घेऊन अनमोड घाटाने गोव्याकडे जातो. पुस्तिकेत डिझेल फिल्टर ४०,००० किलोमीटरला बदलावा असे छापले आहे. आमचे मिस्त्री त्याच्या निम्म्यावरच बदलायला सांगतात, तर एका जुन्या चालकमामांचे मत असे की गाडी चढाला ओढ सोडेपर्यंत फिल्टरला हात लावू नये. माझी अडचण अशी आहे की कारखान्याच्या यार्डात गाडी रांगेत तासन्‌तास उभी असते, पुढे सरकण्यासाठी इंजिन बऱ्याचदा चालूच ठेवावे लागते आणि मीटरवर किलोमीटर मात्र फारसे पडत नाहीत. अशा गाडीला कोणता हिशेब लावावा? शिवाय फिल्टर दोन आहेत, ते दोन्ही एकाच वेळी बदलावेत का?

उत्तर – वाहतूकदार, निपाणी

अण्णा, आपल्या गाडीला किलोमीटरपेक्षा तासांचा हिशेब अधिक योग्य ठरेल. इंजिन जाळते त्यापेक्षा बरेच जास्त डिझेल फीड पंप टाकीतून ओढतो, ते सगळे फिल्टरमधून जाते आणि उरलेले रिटर्न पाइपाने टाकीत परत येते. त्यामुळे गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन चालू असेपर्यंत फिल्टरचे काम थांबत नाही. ढोबळमानाने इंजिनाचा एक तास म्हणजे ४० ते ५० किलोमीटर असे धरतात. तासाला ४० धरले, तर आपल्या पुस्तिकेतले ४०,००० किलोमीटर म्हणजे सुमारे १,००० तास होतात. डॅशबोर्डावर तासांचे मीटर असेल तर ते पाहावे, नसेल तर हंगामात रोज किती तास इंजिन चालते याची वहीत नोंद ठेवावी. किलोमीटर आणि तास यांपैकी जे आधी भरेल, तेव्हा दोन्ही फिल्टर एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला, तर पुढची तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही.

चालकमामांचा सल्ला त्यांच्या काळातल्या गाड्यांना चालून जात होता. जुन्या पंपाचे नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडत असे. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचे डिझेल मिळते तिथे, डिझेलचा दाब १,६०० बारच्या आसपास आणि काही इंजिनांत त्याहूनही वर जातो, आणि इंजेक्टरमधील फटी इतक्या बारीक असतात की डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे घासतो. ओढ कमी झाल्याचे जाणवेपर्यंत थांबणे म्हणजे तोवर पंपाला अपुऱ्या डिझेलवर चालवणे होय, आणि त्या पंपात वंगणाचे कामही डिझेलच करते.

उत्तर – ट्रकमालक, खानापूर

वरील हिशेब मला मान्य आहे, पण आमच्याकडच्या पावसात खरा शत्रू कचऱ्यापेक्षा पाणी आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. हंगाम संपल्यावर अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली, तर टाकीतल्या रिकाम्या जागेतील दमट हवा रात्री गार होते, पत्र्याला पाणी धरते आणि ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. पुढे पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो आणि तो नवा फिल्टरसुद्धा थोड्याच दिवसांत चोंदवतो. म्हणून गाडी उभी करताना टाकी भरून ठेवावी. पहिल्या फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू पावसाळ्यात आणि हंगामात रोज सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी, सैल करावा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी बाटलीत काढून घ्यावे. डिझेलमध्ये पाणी आल्याचा डॅशबोर्डावरचा दिवा लागला की गाडी त्याच वेळी बाजूला घ्यावी, कारखाना गाठेपर्यंत थांबू नये.

काढलेल्या फिल्टरातील डिझेल काचेच्या बरणीत ओतून तासभर स्थिर ठेवले की तळाशी पाणी किंवा गाळ स्पष्ट दिसतो. पुढचा फिल्टर लवकर बदलायचा की नाही, हे मी त्या बरणीवरून ठरवतो.

उत्तर – पंप-नोझल दुरुस्तीचे काम करणारा, बेळगाव

वेळेवर बदलणे जितके महत्त्वाचे आहे, तितकेच कसे बदलतो हेही महत्त्वाचे आहे. मिस्त्री सांगतात त्याप्रमाणे विनाकारण निम्म्यावर बदलण्याच्या मी विरोधात आहे, कारण प्रत्येक वेळी लाइन उघडली की धूळ आत जाण्याची संधी मिळते, आणि यार्डातल्या उसाच्या पाचटात व धुळीत उघडली तर ती जातेच. दोनांपैकी दुसरा, म्हणजे बारीक गाळणारा फिल्टर बसवण्यापूर्वी कॅनमधले डिझेल त्यात ओतून भरण्याची सवय आपल्या भागात सर्रास दिसते. ते डिझेल गाळलेले नसते आणि मधल्या भोकातून ओतले तर ते थेट पंपाकडे जाते. फिल्टर रिकामाच बसवावा, रबरी रिंगला स्वच्छ डिझेलचे बोट लावावे आणि हॅंडपंप मारून, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. कॉमन रेल इंजिनात नोझलचे पाइप सैल करून हवा काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्या दाबाची धार कातडी फोडून शरीरात शिरते.

फिल्टर अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्क्या बिलाने घ्यावा. स्वस्तातल्या नकली फिल्टरचा कागद पातळ असतो आणि पाणी वेगळे करण्याचे काम तो करीत नाही.

प्रश्नकर्ता, चिकोडी

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. आता तासांची वही सुरू करतो. एक शंका उरली आहे. उसाच्या फडात डिझेल कमी पडले, तर शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या बॅरलमधून आम्ही कधी कधी घेतो. त्यामुळे काही फरक पडतो का?

उत्तर – ट्रकमालक, खानापूर

पुष्कळ फरक पडतो. बॅरल उघड्यावर उभे असेल तर झाकणाभोवती साचलेले पावसाचे पाणी आत झिरपते. शक्यतो पंपावरच टाकी भरावी. घ्यावेच लागले, तर बॅरल हलवू नये, नळी तळापासून वीतभर वर ठेवावी, बारीक जाळीच्या गाळणीतून डिझेल टाकीत घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेन स्क्रू उघडून पाणी आले का ते पाहावे.