मदत हवी आहे: 'इंजेक्शनने रक्त पोटात साठतं' ही अफवा पसरली आहे, विश्वास परत कसा मिळवू?

नमस्कार. मी घरोघरी जाऊन पाळणा लांबवण्याच्या साधनांबद्दल माहिती देते. या कामातल्या अनुभवी ताई-दादांचा सल्ला हवा आहे.

माझ्या भागातल्या एका बाईने तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन दुसरीकडे घेतलं. दुसऱ्या डोसनंतर तिची पाळी थांबली. असं होऊ शकतं हे तिला तिथे कोणी सांगितलंच नव्हतं. आधी तिला वाटलं दिवस गेले. मग शेजारणी म्हणाल्या, दर महिन्याचं रक्त आत साठतंय, त्याची गाठ होणार. आता वस्तीभर हेच चाललंय. मला हाक मारून बसवून घेणाऱ्या बायका दारातूनच "आम्हाला काही नको" म्हणतात. काहींनी तर गोळ्याही सोडल्या. त्या अफवेत गोळ्यांचं नावही नव्हतं! मला खरी काळजी त्यांची वाटते, कारण त्यातल्या एकीचं बाळ अजून अंगावर पितंय.

इंजेक्शनमुळे गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. जे रक्त तयारच झालं नाही ते साठेल कुठून? हे मी सांगते, सगळ्या माना डोलावतात, आणि माझी पाठ वळली की पुन्हा तेच. परवा एका सासूबाईंनी माझ्यासमोर सुनेच्या पोटावर हात दाबून "बघा, किती टणक लागतंय" म्हणून दाखवलं. सून एक शब्द बोलली नाही. बाळाचं एकच लंगोट उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती.

माझ्या काही सहकारी म्हणतात, त्रास आधीच सांगितले तर कोणी घेणारच नाही. मला हे अजिबात पटत नाही. समुपदेशन नीट झालं का हे तपासताना जगभरच्या पाहण्यांत बायकांना विचारतात: दुसरी साधनं सांगितली का, कोणते त्रास होऊ शकतात ते सांगितलं का, आणि झाले तर काय करायचं ते सांगितलं का? म्हणजे त्रास सांगणं हे समुपदेशनच आहे. इंजेक्शन थांबवल्यावर मूल राहायला इतर साधनांपेक्षा काही महिने जास्त लागू शकतात, हेही मी लपवत नाही. वर्षभरात मूल हवं असलेल्या बाईला हे आधी कळायलाच हवं. नाहीतर उद्या 'वांझ करतं' ही दुसरी अफवा तयार होईल. पण भीती न घालता हे सांगायचं कसं? तुम्ही नेमकं कोणत्या शब्दांत सांगता?

दुसरी अडचण एकांताची. किती मुलं आणि कधी, हे ठरवण्याचा हक्क आणि त्यासाठीची माहिती प्रत्येक व्यक्तीला मिळावी, हे १९९४ मध्ये कैरोला झालेल्या लोकसंख्या आणि विकासावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झालं. पण घरात सासूबाई समोर बसलेल्या असताना सून बोलणार कशी?

आणि एक. त्या बाईची चाचणी झाली, दिवस गेलेले नाहीत, तब्येतही ठणठणीत आहे. तिलाच चार बायकांत बोलायला सांगावं, असं एकीने सुचवलं. मला ते बरोबर वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १:
ताई, तिला पुढे करू नका. आधीच तिच्या शरीराची चर्चा घरोघर झाली आहे. ती आपणहून बोलली तर गोष्ट वेगळी.

अफवा खोडायची घाई नको. "तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" एवढं विचारा आणि ऐका. बऱ्याचदा आत मुरलेली भीती निराळीच निघते. त्रास सांगताना मी म्हणते, "पहिले काही महिने अधूनमधून डाग दिसतील, पुढे पाळी थांबेलही. हे आजाराचं लक्षण नाही. पण नेहमीच्या दुप्पट जात असेल किंवा आठ दिवसांपेक्षा जास्त चाललं, तर मला लगेच बोलवा." कधी घाबरायचं ते कळलं की बाकीच्या वेळी बाई निश्चिंत राहते. आणि पुढच्या डोसच्या तारखेची वाट न बघता मध्ये एक फेरी माराच.

बंद करायचं म्हणाली तर अडवू नका, दुसरं साधन मिळवून द्या. माझ्यावरचा विश्वास सगळ्यात जास्त त्यानेच वाढला.

एकांतासाठी आम्ही दोघी मिळून जातो. एक सासूबाईंच्या गुडघेदुखीची चौकशी करते, दुसरी सुनेजवळ बाळाचं वजन करायला बसते. सासूबाईंना टाळू नका, त्यांच्याही शंका खऱ्या असतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार. जोडीने जायचं आजच ठरवते. पण नवऱ्यांचं काय करता? काही घरांत नकार सासूचा नाही, त्यांचा असतो, आणि माझ्या भागात पुरुष कार्यकर्ता नाही. नवऱ्याला कळू द्यायचं नाही असं एखादी म्हणाली, तर तिची नोंद कशी ठेवता? माझी वही घरातलं कोणीही उघडून बघू शकतं.